स्वामी कुवलयानंद : योगाला मोजमाप देणारे आयुष्य, आणि आपल्या घरातील ज्येष्ठ

यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात साठीच्या पुढचे रुग्ण योगाबद्दल बोलतात, तेव्हा मला साधारण दोन प्रकारची मते ऐकायला मिळतात. पहिले मत असे की योग हे तरुणांचे किंवा शहरातल्या बागेत जाणाऱ्यांचे काम. आपण जन्मभर निंदण केले, कापूस वेचला, डोक्यावर ओझी वाहिली. आता गुडघे धरलेले असताना आसने कसली करायची? दुसरे मत याच्या अगदी उलट असते. प्राणायाम सुरू केला की बीपी आणि शुगरच्या गोळ्यांची गरज उरत नाही, असे ही मंडळी समजतात. पहिल्या मतामुळे माणूस जागचा हलत नाही आणि दुसऱ्या मतामुळे तो औषध सोडतो. नुकसान दोन्हीकडे आहे.

या बाबतीत माझीही एक चूक झाली. अनेक वर्षे मी चिठ्ठीच्या शेवटी योगासने करा एवढेच लिहीत असे. कोणती आसने, किती वेळ, कोणती टाळायची, हे लिहीत नव्हतो. एके दिवशी माझ्या नेहमीच्या एका काकाजींना त्यांचा मुलगा सकाळीच घेऊन आला. बोलणे अडखळत होते, उजवा हात उचलत नव्हता. दोन महिन्यांपासून ते टीव्हीवर बघून रोज प्राणायाम करत होते. बरे वाटत असल्यामुळे बीपीची गोळी त्यांनी बंद केली होती, आणि डॉक्टरांनीच योग सांगितला असल्यामुळे घरच्यांनीही विचारले नाही. त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. आज ते काठी घेऊन चालतात. त्या दिवशी मला जाणवले की गोळी लिहिताना मी किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, सगळे लिहितो. योगाचे मात्र काहीच मोजमाप दिले नव्हते.

योगाला असे मोजमाप असावे, हा विचार नवा नाही. महाराष्ट्रातच, लोणावळ्याला, एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी त्यासाठी प्रयोगशाळा उभी केली. स्वामी कुवलयानंद हे त्यांचे नाव. ज्येष्ठ मंडळींनी आणि त्यांच्या मुलांनी त्यांची गोष्ट वाचावी म्हणून हा लेख.

डभोई ते बडोदा

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तेव्हाच्या बडोदा संस्थानातील डभोई येथे, मराठी कुटुंबात झाला. आपल्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. म्हणजे दोघे एकाच पिढीतले. घरची परिस्थिती गरिबीची होती आणि आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. तरीही १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात शिकताना तरुणांमध्ये त्या काळी असलेले देशप्रेमाचे वारे त्यांनाही लागले. देशाच्या आणि लोकांच्या सेवेसाठी त्यांनी अविवाहित राहण्याचे ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले.

बडोद्यातच १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. त्यांची सुरुवात अशी आखाड्याच्या मातीतून झाली. त्यानंतर खानदेशात अमळनेरला त्यांनी शिक्षकाचे काम केले. सामान्य माणूस शरीराने दुबळा आहे आणि त्याला परवडेल असा व्यायाम हवा, ही गोष्ट तेथे त्यांच्या मनात पक्की झाली.

नर्मदाकाठचे वयोवृद्ध गुरू

१९१९ साली नर्मदेच्या काठी मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासजी या योग्यांशी भेट झाली. माधवदासजी तेव्हा अतिशय वृद्ध होते. योग ही तरुण अंगाची कसरत आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की या तिशी ओलांडलेल्या व्यायामपटूला योग शिकवला तो एका म्हाताऱ्या माणसाने.

गुरूंकडून त्यांनी क्रिया, आसने आणि प्राणायाम शिकून घेतले. त्यांचा अनुभव त्यांना स्वतःला येत होता, पण शिक्षकाचा स्वभाव गप्प बसू देईना. आसन करताना शरीराच्या आत नेमके काय होते? पोथीत सांगितलेले फायदे खरोखर होतात का? जे होते ते यंत्रावर दिसेल का? गुरूवर श्रद्धा असतानाही त्यांनी हे प्रश्न विचारले. त्यांचे मोठेपण मला इथे दिसते.

क्ष-किरण यंत्रासमोर नौली

१९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी डॉक्टर मित्रांच्या मदतीने क्ष-किरण यंत्रासमोर उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी करून पाहिली. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडून पोट आत, वर ओढून घेणे. नौली म्हणजे पोटाचे उभे स्नायू वेगळे काढून फिरवणे. त्या काळी अशा क्रियांकडे लोक एकतर चमत्कार म्हणून पाहत किंवा थोतांड म्हणून. पडद्यामागे आतडी आणि श्वासपटल कसे हलते हे त्यांनी बघितले. पुढे नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब त्यांनी दाबमापकाने मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो असे आढळले आणि गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी या स्थितीला माधवदासजींचे नाव दिले. नौली करताना योगी गुदद्वारातून पाणी आत कसे ओढू शकतात, याचे साधे भौतिक कारण त्यातून मिळाले.

येथे एक सूचना. नौली, उड्डियान किंवा जोरजोरात कपालभाती या गोष्टी साठीनंतर नव्याने सुरू करण्याच्या नाहीत. हर्निया, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा नुकतेच झालेले पोटाचे अथवा डोळ्याचे ऑपरेशन असेल तर त्या टाळायच्याच.

लोणावळा, १९२४

ऑक्टोबर १९२४ मध्ये दसऱ्याच्या सुमारास लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था सुरू झाली. त्याच वर्षी त्यांनी योगमीमांसा हे नियतकालिक काढले. त्यात प्रयोगांची माहिती देणारा विभाग वेगळा होता आणि सर्वसामान्य वाचकांसाठी आसनांची माहिती देणारा विभाग वेगळा. काय तपासून पाहिले आहे आणि काय परंपरेने सांगितले जाते, हे वाचकाला वेगळे कळावे अशी ती मांडणी होती. आज मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्य संदेशांमध्ये नेमका हाच फरक पुसला जातो.

त्या काळातच त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी आसने करताना रक्तदाब किती बदलतो हे मोजून प्रसिद्ध केले. रक्तदाब मोजायचे यंत्र तेव्हा दवाखान्यांतही सर्रास नव्हते. आज ते आपल्याकडे अनेक घरांत आहे, पण आसने सुरू करण्यापूर्वी त्याचा पट्टा दंडाला बांधून पाहणारे रुग्ण मला क्वचितच भेटतात.

सत्तावन्न वर्षांचा एक रुग्ण

मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर भागाच्या दौऱ्यावर असताना महात्मा गांधी आजारी पडले. त्यांचा रक्तदाब खूप वाढला होता. वय सत्तावन्न होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि पुढचे काही आठवडे ते म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर राहिले. त्या वर्षी त्यांचा स्वामी कुवलयानंदांशी आपल्या प्रकृतीबद्दल आणि योगाच्या उपायांबद्दल पत्रव्यवहार चालू होता.

या प्रसंगाकडे मी डॉक्टर म्हणून पाहतो. रुग्ण हट्टी होता, स्वतःवर प्रयोग करण्याची त्याला हौस होती आणि औषधांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. असे रुग्ण प्रत्येक गावात आहेत. पण योग करायचा तर जाणकाराला विचारून करायचा आणि त्याच वेळी डॉक्टरांकडून तपासणीही चालू ठेवायची, हे त्या काळातही घडले. १९२७ साली रक्तदाबासाठी आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. विश्रांती, आहार आणि मनःशांती हेच हाती होते. आज गोळ्या आहेत. त्या सोडून शंभर वर्षे मागे जाण्यात शहाणपण नाही.

सगळ्यांना एकच माप नाही

१९३० च्या दशकात त्यांची आसने आणि प्राणायाम या विषयांवरील पुस्तके आली. आसनांच्या पुस्तकात त्यांनी अभ्यासक्रमाच्या पायऱ्या केल्या आहेत : एक पूर्ण, एक छोटा आणि एक सोपा. ज्याला ताण झेपत नाही त्याने सोपा घ्यावा. रक्तदाब जास्त असलेल्यांनी आपल्या मनाने आसने सुरू करू नयेत, आणि कान वाहणे, डोळ्यांच्या नाजूक रक्तवाहिन्या किंवा कमजोर हृदय असलेल्यांनी डोके खाली करण्याची आसने टाळावीत, अशा सूचनाही त्यात आहेत. योगाचा प्रसार करणारा माणूसच योग कोणी करू नये हे लिहीत होता. औषधाच्या पाकिटात जशी सावधगिरीची चिठ्ठी असते, तशीच ही चिठ्ठी.

याच दशकात मुंबईत चौपाटीजवळ त्यांच्या संस्थेचे योगोपचार केंद्र उभे राहिले आणि साधे नोकरदार, गृहिणी, निवृत्त लोक तेथे येऊ लागले. १९५० च्या सुमारास लोणावळ्याला योगाचे शिक्षक तयार करणारे महाविद्यालय सुरू झाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे योगोपचाराचे रुग्णालयही झाले. दम्यासारख्या जुनाट आजाराचे रुग्ण तेथे राहून उपचार घेऊ लागले.

वयाच्या ऐंशीव्या वर्षी आलेले पुस्तक

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेत काम करणारे दोन शास्त्रज्ञ योग्यांच्या तपासणीसाठी भारतात होते. लोणावळ्यालाही त्यांनी काम केले. इच्छेने हृदय थांबवता येते असे सांगणाऱ्या काही जणांचा त्यांनी ईसीजी काढला. हृदय चालूच होते. श्वास रोखून छातीतला दाब वाढवल्यामुळे नाडी आणि हृदयाचे ठोके फक्त क्षीण झाले होते. हा निष्कर्ष काही लोकांना आवडला नसेल. पण कुवलयानंदांनी अशा तपासणीसाठी आपल्या संस्थेचे दार उघडे ठेवले होते.

१९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले त्यांचे योगोपचारावरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले. त्या वर्षी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर योगी आणि डॉक्टर यांची नावे शेजारी शेजारी होती. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कैवल्यधाम आजही चालू आहे.

विदर्भातही योग पोहोचवणारी माणसे झाली. नागपूरच्या रामनगरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने कितीतरी सामान्य घरांत आसने नेली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाचे शिक्षक घडवले. त्यामुळे आपल्याकडे शिकवणारा माणूस शोधायला फार दूर जावे लागत नाही.

आजचे शास्त्र काय सांगते?

कुवलयानंदांचे बरेचसे प्रयोग थोड्या आणि सराव असलेल्या लोकांवर झाले होते. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांना आजच्या कसोटीवर शेवटचा शब्द मानता येणार नाही. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतून ज्येष्ठांसाठी पुढील गोष्टी बऱ्यापैकी दिसल्या आहेत : नियमित योगाने तोल आणि पायांची ताकद सुधारते, गुडघ्याचे व कंबरेचे दुखणे काही प्रमाणात कमी होते, झोप आणि मन सुधारते, रक्तदाब थोडा उतरतो. थोडा हा शब्द महत्त्वाचा आहे. तो गोळीला जोड देतो, गोळीची जागा घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढील लोकांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत. शेतकामाने दम टिकतो हे खरे. पण निंदताना, वेचताना पाठ तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली असते. तोल सांभाळणे आणि सावकाश श्वास घेणे याचा सराव त्यात होत नाही. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे हे किती घरांचे गणित बिघडवते, ते वेगळे सांगायला नको. तोल सुधारण्याचे खरे मोल तिथे कळते.

घरी सुरुवात कशी करावी?

आधी रक्तदाब आणि साखर तपासा आणि आपल्या डॉक्टरांना आपले आजार, झालेली ऑपरेशने व चालू गोळ्या दाखवा. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर आधी उपचार, मग आसने.

- खुर्चीवरून : खाली बसता येत नसेल तर भिंतीला टेकवलेली, हात असलेली पक्की खुर्ची घ्या. मान, खांदे, मनगटे, घोटे सावकाश हलवा. खुर्चीतून उठणे आणि बसणे पाच ते दहा वेळा करा.
- उभ्याने : भिंतीला हात लावून ताडासन. तोल जमू लागला की भिंतीचा आधार ठेवूनच एक पाय थोडा उचला. जवळ घरचे कोणी असू द्या.
- श्वास : अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी, पाच मिनिटे. श्वास रोखून धरू नका.
- शेवटी : सतरंजीवर किंवा कडक पलंगावर पाच मिनिटे शवासन. उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, एक मिनिट थांबा आणि मगच उभे राहा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास चक्कर येते.

सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. हळूहळू वीस-तीस मिनिटांपर्यंत न्या. आसन करताना सहज बोलता आले पाहिजे. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात सकाळी सातच्या आत, सावलीत करा आणि पाणी जवळ ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जास्त वेळ व्यायाम करू नये आणि साखर किंवा गूळ हाताशी ठेवावा.

काय टाळावे?

- काचबिंदू असेल किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर डोके खाली जाणारी आसने नकोत.
- हाडे ठिसूळ झाली असतील तर कंबरेतून खोल पुढे वाकणे टाळा; मणका दबून मोडू शकतो.
- गुडघा बदलला असेल किंवा फार झिजला असेल तर वज्रासन आणि मांडी घालण्याचा हट्ट नको.
- हृदयाला स्टेंट बसवला असेल किंवा बायपास झाले असेल तर हृदयरोग तज्ज्ञांना विचारूनच सुरू करा.

करताना छातीत दुखले, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा. त्रास ओसरला नाही तर रुग्णालय गाठा. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे हे पक्षाघाताचे लक्षण आहे. तेव्हा एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करा.

मुलांनी आणि सुनांनी एवढे करावे

आईवडील योग करत असतील तर त्यांच्या गोळ्यांचे पाकीट महिन्यातून एकदा उघडून बघा. गोळ्या जशाच्या तशा उरल्या असतील तर रागावू नका. का बंद केल्या ते विचारा आणि दवाखान्यात घेऊन या. योगामुळे रक्तदाब खरोखर उतरला असेल तर तुमचे डॉक्टरच मोजून डोस कमी करतील.

मी आता चिठ्ठीवर योग लिहितो तेव्हा आसनाचे नाव, मिनिटे आणि काय टाळायचे ते लिहितो. ते काकाजी दर महिन्याला येतात. खुर्चीत बसून वीस मिनिटे आसने करतात आणि गोळी रोज घेतात. वहीत रक्तदाबाचे आकडे लिहून आणतात. ती वही बघताना मला लोणावळ्याच्या त्या प्रयोगशाळेची आठवण होते. तुमच्याही घरात अशी एक वही आजच सुरू करा.